वाढत्या तेलाचा ट्रक

लाख फार लवकर वितळते. कांडी दिव्यावर धरायची, लाल थेंब पाकिटावर पडला की पितळी मोहोर दाबायची आणि मनात चार आकडे मोजून उचलायची. पनवेलच्या पोस्टात रजिस्टरच्या खिडकीवर दाजी आठल्ये हे काम एकोणतीस वर्षं करत होते.

॰

भाताची रास मोजताना खळ्यावर कोणी बोलत नाही. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. रास मोजता मोजता वाढतेय असं वाटलं तरी तोंडातून काढायचं नाही. काढलं की बरकत गेली.

॰

देवाला वाहायच्या फुलाचा वास घेऊ नये.

॰

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा कोळशाच्या धुरावर चालाव्या म्हणून लॉऱ्यांच्या पाठीला बंब बसवले होते. आपट्याच्या कातकरवाडीतला पांडू हिलम भट्टीवरची कोळशाची पोती घेऊन अशाच एका लॉरीवर चढला, तो उतरलाच नाही. आधी बंब फुंकला, मग हँडल मारलं, मग कधीतरी ड्रायव्हर तापाने पडला म्हणून स्टिअरिंग धरलं.

॰

सौ. दमयंती आठल्ये यांच्या मालकीचा एक डिझेल ट्रक होता. त्या त्यात कधीही बसल्या नाहीत.

॰

१९६२ च्या उन्हाळ्यात पळस्प्याच्या नाक्यावर मिठाची सत्तर पोती पाच-सहा आठवडे उभ्या ट्रकमध्ये होती. पहाटेच्या दवाने त्यांना पाणी सुटे आणि ते फळीच्या फटींतून रस्त्यावर ठिबके. पुण्याच्या एस्ट्या तिथे वळत. खिडकीतली माणसं म्हणत, "बघा, ट्रक रडतोय."

॰

या गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही असं वाचणाऱ्याला वाटत असेल. दाजींनाही पुष्कळ दिवस तसंच वाटत होतं.

ट्रक घ्यायचं त्यांच्या डोक्यात कसं आलं हे सांगण्यात अर्थ नाही. पन्नाशी उलटली की माणसाच्या डोक्यात काहीतरी येतंच. कोणाच्या संन्यास येतो, कोणाच्या होमिओपाथी. दाजींच्या डोक्यात ट्रक आला. सरकारी नोकराला धंदा करता येत नाही, म्हणून कागदावर मालकीण दमयंतीबाई. गव्हाणचा काशीराम घरत भागीदार. मिठागर त्याचं, तेव्हा भाड्याची वाट पाहायला नको. ट्रकच्या कपाळावर पेंटरने 'दमयंती कृपा' असं लिहिलं. दमयंतीबाई दारातूनच वाचून म्हणाल्या, "कृपा कसली डोंबलाची? पाटल्या आहेत माझ्या." त्या दिवसापासून त्यांच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या आणि पाटल्या सहा चाकांवर फिरत होत्या.

ड्रायव्हर कोण, यावर मात्र सगळ्या आळीने मत दिलं.

"दाजी, कातकरी?" शेजारच्या कमळाबाई कठड्यावरून वाकून म्हणाल्या. "अहो, उद्या चाकं विकून पिऊन बसेल तो."

"पांडू पीत नाही, कमळाबाई."

"पीत नाही? मग तर जास्तच सांभाळा. न पिणारा हिशेबी असतो."

दाजींनी कोणाचं ऐकलं नाही. पनवेलीत कातकऱ्याच्या हाती कोरी गाडी देणारे ते पहिलेच, आणि या गोष्टीचं त्यांना फार कौतुक होतं. पांडूचं नव्हे, स्वतःचं. पांडूला त्यातलं खरं वजन ठाऊक होतं. इथे नाव गेलं तर दुसरा कोणी मालक त्याला गाडीला हात लावू देणार नव्हता. मग परत भट्टी.

कंपनीने सहा महिन्यांची हमी दिली होती. कंपनी म्हणजे भायखळ्याचं ते काचेचं दुकान आणि मागचा पत्र्याचा कारखाना. पण पनवेलीत नुसतं 'कंपनी' म्हणत, नाव घ्यायचं नसलेल्या देवासारखं. दसऱ्यापासून चैत्रापर्यंत इंजिनाला काही झालं तर नवीन इंजिन फुकट. अट एवढीच, की दोन्ही सर्व्हिसिंग कंपनीतच करायची आणि तक्रार असेल ती त्या वेळी कागदावर लिहायची. कागद म्हटल्यावर दाजी निर्धास्त झाले. कागदाने त्यांना आजवर कधी दगा दिला नव्हता.

ट्रक वडाळे तळ्याच्या काठी उभा असे. रोज सकाळी स्नानसंध्या उरकून, जुन्या धोतराचा चिंधा आणि छत्री घेऊन दाजी तिथे जात. पांडू बॉनेट उघडी. दाजी तेलाची पट्टी बाहेर ओढत, पुसत, परत खुपसत, पुन्हा ओढत आणि चष्मा कपाळावर चढवून वाचत. पट्टीवर दोन खुणा होत्या. तेल त्या दोहोंच्या मध्ये असावं. नवं इंजिन थोडं तेल पितं, असं कंपनीने बजावलं होतं. म्हणून दाजींनी एक डबा आणून पलंगाखाली ठेवला होता. दमयंतीबाई त्याला 'तुमचं बाळ' म्हणत.

बाळाची गरजच पडली नाही. पहिला आठवडा तेल जागचं हललं नाही. दुसऱ्यात वरच्या खुणेला टेकलं. तिसऱ्यात खुणेच्या वर बोटभर चढलं.

दाजींनी पट्टी तीनदा पुसली. "पांडू, तू तेल घातलंस?"

"नाय मास्तर." दाजी मास्तर नव्हते, कारकून होते, पण ही चूक ते कोणाची दुरुस्त करत नसत.

"मग वाढलं कसं?"

पांडू तोंड उघडणार तोच काशीराम मिठाच्या पोत्यावरून उडी मारून खाली आला. "बोलू नको! ए, एक अक्षर बोलू नको!" मग दाजींना बाजूला घेऊन कुजबुजला, "मास्तर, वारतंय ना? मंग गप रावा की. राशीवर कोन बोलतं का? माजा आजा एकदा खल्यावर बोलला, आज जरा जास्तच भरतंय. झाला. चौदाव्या मापाला रास आटली. वरीसभर आमी नाचनी खाल्ली."

"काशीराम, हे इंजिन आहे."

"मंग? त्याला बरकत नसते?"

दाजी मॅट्रिक झालेले होते. सुशिक्षित माणूस अशा गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. नुकसान दिसेपर्यंत त्यांना विरोध करत नाही, इतकंच. शिवाय तेल कमी झालं असतं तर तक्रार करता आली असती. वाढलं, याची तक्रार कोणत्या तोंडाने करायची? रजिस्टर पत्र दोन तोळे जास्त भरलं म्हणून आजवर कोणी खिडकीवर भांडायला आलं नव्हतं.

बरकतीची बातमी अर्थातच पसरली. कारण काशीराम ज्याला त्याला "कोनाला बोलू नका" असं सांगत सुटला होता. शनिवारी कमळाबाई वाटी घेऊन आल्या. "चमचाभर द्या. मारुतीपुढे दिवा लावते." दाजींना नाही म्हणवेना. त्या संध्याकाळी मारुतीपुढची ज्योत वीतभर उंच झाली, फुरफुरली आणि देवाचं नाक काळं करून थांबली. पुजारी थक्क. "कमळाबाई, कोणत्या घाण्यावरचं हो तेल? काय तेज आहे!" दुसऱ्या शनिवारी आणखी तीन वाट्या आल्या.

पहिल्या सर्व्हिसिंगला दाजी रजा टाकून स्वतः गेले. सोबत काशीराम. ठाण्याला वळसा घालून भायखळा गाठेपर्यंत दोघांच्या अंगावर धुळीचा एकेक सदरा चढला होता. टायवाल्या इन्चार्जने दोघांना एकदा पाहिलं आणि मग काशीरामच्या उघड्या गुडघ्यांशीच बोलायचं ठरवलं.

"एनी कम्प्लेंट?"

दाजींनी घसा खाकरला. काशीरामने टेबलाखालून वहाणेने त्यांचा पाय दाबला. चांगलाच दाबला.

इंजिन: ठीक.
ब्रेक: ठीक.
तेल: ठीक.
तक्रार: निरंक.
सही: सौ. दमयंती आठल्ये यांच्याकरिता, दा. ग. आठल्ये.

'निरंक' हा शब्द दाजींनी स्वतः सुचवला. पोस्टाच्या प्रत्येक अहवालात तो असतो, आणि तो लिहिताना त्यांना नेहमी आंघोळ केल्यासारखं वाटे.

मग ट्रक पत्र्याच्या दारामागे गेला आणि दार लागलं. दाजी मागे जाऊ लागले तर गुरख्याने हात आडवा केला. देवळाच्या गाभाऱ्यातही इतकी अडवणूक नसते. तिथे निदान मूर्ती लांबून दिसते. पाच तास दाजी बाकावर बसले. आतून हातोड्याचा आवाज दोनदा आला. चहाची किटली सातदा गेली. संध्याकाळी ट्रक धुऊन पुसून बाहेर आला, पुस्तिकेवर जांभळा शिक्का पडला: ऑइल बदलले. शिक्का इतका स्वच्छ उमटला होता की दाजी मनातल्या मनात त्याच्या पाया पडले.

दुसऱ्या दिवशी तळ्यावर पट्टी ओढली. तेल काळं कुळकुळीत.

इथून दाजींची झोप गेली. डिझेल इंजिनात नवं तेलही दिवसभरात काळं पडतं, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. बाकी सगळं सगळ्यांनी सांगितलं. कमळाबाई म्हणाल्या, कंपनीवाले जुनंच तेल गाळून परत ओतत असतील. आपण तळणीचं नाही का ठेवत? पोस्टमास्तर म्हणाले, तेल म्हणजे माणसाचं रक्त, ते बदलायचंच कशाला? कोळीवाड्यातल्या बुधाजीच्या मचव्याला इंजिन होतं, त्यामुळे तो सगळ्यात जाणता. तो खिडकीवर मनिऑर्डर करायला आला आणि मागची रांग खोळंबवून पाऊण तास बोलला.

"मास्तर, त्याल वारतंय म्हन्ता? आपोआप काय वारत नाय. वारतं ती पोरं आन् पानी. तुमचा डायवर चांगला त्याल काढून इकतो, आन् वरशी डिझेल वततो. मापात जरा चुकतंय त्याचा, म्हनून वर येतंय. येवरीच बरकत हाय तुमची."

"पांडू तसा नाही," दाजी म्हणाले.

"तसा कोनच नसतो. म्हनून तर मोहोर लावतात ना तुमी पाकिटाला?"

बुधाजी गेला, पण वाक्य खिडकीतच राहिलं. आता दाजींच्या मनात दोन चोर होते. एक भायखळ्याला टाय लावून बसलेला, दुसरा रोज सकाळी बॉनेट उघडणारा. हमी संपायला महिनाच उरला होता. चोर कंपनी असेल तर तिला पकडून इंजिन पदरात पाडून घ्यायला हवं. चोर पांडू असेल तर... इथे दाजींचा विचार अडखळे. त्यांना पांडू चोर असायला नको होता. आपण एवढे पहिले झालो ते फुकट जाईल.

त्या रविवारी त्यांनी आयुष्यातला पहिला गुन्हा केला. पोस्टातली लाखेची कांडी आणि पितळी मोहोर छत्रीत घालून ते घरी आले.

विमा उतरवलेल्या पार्सलला नियमाप्रमाणे प्रत्येक सांध्यावर मोहोर लागते. इंजिनाला, दाजींच्या अभ्यासाप्रमाणे, तीन सांधे होते: तेल भरायचं झाकण, पट्टीचं तोंड आणि तळाचा बोल्ट. पहिले दोन उभ्याने झाले. तिसऱ्यासाठी दाजी धोतराचा काच्या मारून ट्रकखाली शिरले. तळ्यावर धुणं धुणाऱ्या बायकांना फक्त दोन गोरे पाय दिसत होते.

"कोण गं गेलं?" एकीने विचारलं.

"गेलं नाय. पोस्टवाले हायेत. पाय हालतायत."

पांडू दिवा धरून शेजारी पडला होता. कांडी टपटपत होती. एक थेंब दाजींच्या कानावर पडला. ते सरकारी कामात असल्यासारखे गप्प राहिले.

"मास्तर," पांडू हळूच म्हणाला, "इंजिन तापल्यावर लाख ऱ्हाईल का?"

"सरकारी लाख आहे ही, पांडू. पनवेलहून निघते ती काश्मीरला जाऊन टिकते."

पांडूला काश्मीरची हवा कशी असते ते ठाऊक नव्हतं. त्याने दिवा आणखी जवळ धरला.

दुसऱ्या सर्व्हिसिंगला पांडू एकटाच गेला. दाजींची रजा संपली होती. सोबत त्यांनी सुवाच्य अक्षरात पत्र दिलं: 'तेलाबाबत तक्रार नाही. तथापि इंजिनास तीन मोहरा लावल्या असून त्या शाबूत आहेत अथवा कसे, याचा अहवाल तेल बदलण्यापूर्वी द्यावा.' कंपनीचा अहवाल त्याच संध्याकाळी आला, इंग्रजीत, एका ओळीचा: मोहरा आढळल्या नाहीत.

दाजींनी तो दोनदा वाचला. मग कंदील घेऊन तळ्यावर गेले. झाकण उघडं. पट्टी उघडी.

"मोहरा कुठे आहेत, पांडू?"

"वितळल्या मास्तर. मुंब्र्याच्या पुढं थेंब थेंब पडत व्हत्या. या, खाली या, दावतो. आसाला लाल थेंब चिकटल्यात अजून."

"सरकारी लाख वितळत नाही," दाजी म्हणाले. ज्यांनी एकोणतीस वर्षं रोज सकाळी अकरा ते पाच लाख वितळवली, ते हे म्हणाले.

"मास्तर, खाली वाकून बघा तरी."

दाजी वाकले नाहीत. आळीतली चार माणसं जमली होती, कमळाबाई कठडा सोडून थेट रस्त्यावर आल्या होत्या, आणि एकदा ट्रकखाली गेल्याची शोभा अजून पुरती ओसरली नव्हती. "तेलात डिझेल आहे की नाही, एवढं सांग."

"हाय."

"आहे!" कमळाबाई म्हणाल्या.

"हाय. पन मी नाय घातला."

"म्हणजे आहे हे तुला माहीत होतं?"

"व्हतं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

पांडू दाजींकडे बघत राहिला. मग त्याने खिशातून किल्ली काढली, बंडीला पुसली आणि कंदिलाच्या उजेडात दाजींच्या तळहातावर ठेवली. पुसायची काही गरज नव्हती. ती स्वच्छच होती.

"अहो," घरी आल्यावर दमयंतीबाई म्हणाल्या, "लाख वितळत नाही, असं म्हणालात तुम्ही?"

"म्हणालो."

"मागच्या ज्येष्ठात तुमच्या कोटाच्या खिशात कांडी राहिली होती. उन्हाने वितळून अस्तराला चिकटली. मी नखांनी खरवडली आठवडाभर."

दाजी जेवले नाहीत. बाई खोटं बोलत असत्या तर जेवले असते.

पण सकाळी ते आपट्याला गेले नाहीत. जाणार होते. मग ऑफिसला उशीर झाला असता. मग दुसऱ्या दिवशी काशीरामने आपला भाचा मालू आणून गाडीवर बसवला आणि म्हणाला, "झालं ते बरंच झालं. कातकऱ्याची नजर वाईट. बरकत अजून चालू हाय, बघा पट्टी." खरंच चालू होती. तेल खुणेच्या चार बोटं वर होतं आणि पाण्यासारखं हलकं झालं होतं. मालूला पाटीवरचा वेगाचा काटा तेवढा कळत असे. दुसरा काटा, तेलाच्या दाबाचा, तो शोभेचा आहे असं त्याचं मत होतं.

आठव्या दिवशी मिठाची सत्तर पोती घेऊन पुण्याला निघालेला ट्रक पळस्प्याच्या नाक्यावर आला. आत कोणीतरी लोखंडी दरवाजावर ठोसे मारावेत तसा आवाज झाला. मालूने हॉर्न वाजवून पाहिला. मग इंजिन जागच्या जागी जाम झालं. धूर सुटला, त्यात चहाचा टपरीवाला दिसेनासा झाला, आणि धूर विरल्यावर तोच पहिला म्हणाला, "संपला."

हमीला अजून सतरा दिवस होते. ट्रक सतरा दिवस आधी मेला म्हणून दाजींना त्या रात्री जवळजवळ आनंद झाला. कंपनीचा माणूस आला, इंजिन उतरवून नेलं. मीठ तिथेच राहिलं, कारण काशीराम म्हणाला, नवं इंजिन आलं की असंच पुढे नेऊ.

इंजिन आलं नाही. एक रजिस्टर पार्सल आलं. पाठवणार: कंपनी, भायखळा. घेणार: पोस्टमास्तर, पनवेल. ते नियमाप्रमाणे रजिस्टरच्या खिडकीवर आलं. दाजींनी त्याचं वजन ताडून पाहिलं, बरोबर होतं. बोटांनी दाबलं तर आत काहीतरी गोटीसारखं लागलं. दाजींना ते काय आहे ते कळलं. मनात आणलं असतं तर ते पार्सल गहाळ होऊ शकलं असतं. कपाटामागे अशी एक फट होती जिच्यात इंग्रजांच्या वेळेपासून गोष्टी पडत होत्या. एकोणतीस वर्षांत दाजींच्या हातून एकही पार्सल गहाळ झालं नव्हतं. त्यांनी नोंद केली आणि ते साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

आत काळ्या तेलाने माखलेला, अर्धवट वितळलेला लाखेचा गोळा होता. तेलाच्या पंपाच्या जाळीत सापडलेला. त्याच्यावर, तुटकं पण स्पष्ट, '—नवेल' उमटलं होतं. सोबत पत्र: इंजिनात परकीय पदार्थ आढळल्याने आणि दोन्ही वेळा तक्रार निरंक असल्याने हमी लागू होत नाही.

पुढचं काम खात्याने केलं.

प्रश्न: सरकारी मोहोर कार्यालयाबाहेर का नेली?
उत्तर: मालाच्या सुरक्षिततेसाठी.
प्रश्न: कोणता माल?
उत्तर: इंजिन ऑइल.
प्रश्न: सदर ऑइल टपालाने रवाना करावयाचे होते काय?
उत्तर: नाही.
प्रश्न: लाख उष्णतेने वितळते याची आपणांस कल्पना होती काय?
उत्तर: होती.
प्रश्न: अन्य काही सांगावयाचे आहे काय?
उत्तर: निरंक.

म्हसळ्याला बदली झाली. जायच्या आधी दाजी एकदा भायखळ्याला जाऊन आले. टायवाल्याने भेट दिली नाही. पण फाटकाशी राजापूरकडचा एक म्हातारा मिस्त्री विडी ओढत होता, त्याने पनवेलचं नाव ऐकून हाक मारली.

"तुमचीच ना ती मोहोरवाली गाडी? अहो, लाखेचं एवढं काही नाही. लाख लागायच्या आधीच बेअरिंगं गेलेली असणार. डिझेलच्या पंपात एक रबरी पडदा असतो, एवढासा. तो फाटका होता. डिझेल थेट ऑइलात. बहुतेक कोरी गाडी आली तीच तशी आली."

"मग तुम्ही दोनदा सर्व्हिसिंग केलंत, तेव्हा?"

"तक्रार निरंक होती ना? निरंकवर आम्ही पंप खोलत नाही. ऑइल बदलतो." त्याने विडी झटकली. "म्हणजे, वेळ असला तर. पण काय हो, तेल वाढत होतं आणि तुमच्यात कोणालाच कळलं नाही? वासावरून कळतं की. ड्रायव्हर कसला ठेवला होतात?"

दाजींनी छत्री काखेत मारली.

आपट्याला ते त्यानंतरच्या रविवारी गेले. नदीच्या वरच्या अंगाला भट्ट्या धुमसत होत्या. पांडू फावड्याने माती लोटत होता. नखांपासून कोपरापर्यंत काळा. फक्त तळहातांवर, स्टिअरिंगचे घट्टे होते तिथे, कातडी वेगळी चमकत होती. दाजींना पाहून त्याने फावडं टेकवलं, झोपडीकडे तोंड करून हाक दिली, "ठके, पानी आन, मास्तर आल्यात," आणि एक ओंडका हाताने साफ करून पुढे केला. "बसा."

दाजी बसले. पाणी प्यायले. वाटेत त्यांनी पुष्कळ वाक्यं तयार केली होती. त्यांतली काही फार चांगली होती, एकात 'क्षमस्व' होतं. त्यांतलं एकही धुरातून बाहेर येईना.

"पांडू," शेवटी ते म्हणाले, "लाख वितळते."

"व्हय," पांडू म्हणाला.

भट्टीतून बारीक कडकडण्याचा आवाज येत होता. पळस्प्याच्या नाक्यावरून आलात का, असं पांडूने विचारलं. दाजी म्हणाले, हो. मीठ हाय का अजून? अर्धं राहिलं असेल. मग पांडू उठला, कारण एका बाजूने भट्टी श्वास घ्यायला लागली होती आणि तिथे माती घालणं भाग होतं. दाजींनी मदतीला हात पुढे केला. "ऱ्हाऊ द्या," पांडू म्हणाला. "धोतर जळंल."

दाजी नदी ओलांडून चालत निघाले.

१९६१ च्या दसऱ्याला, ट्रक पनवेलीत आला त्याच्या दुसऱ्या सकाळी, नारळ फोडण्याच्या आधी पांडू हिलमने तेलाची पट्टी बाहेर काढून नाकाशी नेली आणि म्हणाला, "मास्तर, याला डिझेलचा वास येतोय." दाजी आठल्ये म्हणाले, "पूजा व्हायची आहे, आधी वास घेऊ नकोस," आणि त्यांनी पट्टी स्वतःच्या हाताने परत जागेवर बसवली.